वायाकू : धावपट्टीच्या काठावर वसलेले गाव

वायाकू हे प्रशांत महासागरातील तुवालू या द्वीपराष्ट्राचे शासकीय केंद्र असलेले गाव आहे. फुनाफुटी या कंकणद्वीपाच्या फोंगाफाले नावाच्या अरुंद बेटावर ते वसले असून देशातील एकमेव विमानतळ त्याला अगदी लागून आहे. मंत्रालये, बँक, सभागृह आणि निवासगृह येथून धावपट्टी काही पावलांवर आहे. आठवड्यातून मोजकीच विमाने येतात. उरलेल्या वेळी हीच धावपट्टी गावाचे क्रीडांगण, फिरण्याची जागा आणि उकाड्याच्या रात्री निजण्याचे अंगण असते. विमानतळ म्हणून तो जगातील अगदी लहान विमानतळांपैकी एक असला, तरी वायाकूच्या दृष्टीने धावपट्टी ही गावातील सर्वांत मोठी वस्तू आहे. तिच्यामुळे गावाला जग जोडले गेले, आणि तिच्याचसाठी गावाने आपली उत्तम जमीन व गोडे पाणी गमावले. समुद्राची पातळी वाढत असताना हा जुना व्यवहार आज पुन्हा चर्चेत आला आहे.

स्थान आणि विस्तार

तुवालू हा देश विषुववृत्ताच्या दक्षिणेस, आंतरराष्ट्रीय वाररेषेच्या किंचित पश्चिमेस आहे. तेथील घड्याळ भारतीय प्रमाणवेळेच्या साडेसहा तास पुढे चालते. नऊ लहान द्वीपे मिळून हा देश बनला असून त्याचे एकूण भूक्षेत्र अवघे २६ चौरस किलोमीटर आहे. गोव्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर, म्हणजे तुवालूच्या सुमारे १४० पट आहे. आपल्याकडील लक्षद्वीपसुद्धा (३२ चौरस किलोमीटर) त्याहून मोठे ठरते. देशाची लोकसंख्या अकरा हजारांच्या आसपास आहे. ‘तुवालू’ या नावाचा अर्थ ‘एकत्र उभे असलेले आठ’ असा होतो. नऊपैकी आठ बेटांवर पूर्वापार वस्ती होती, म्हणून हे नाव पडले.

फुनाफुटी हे प्रवाळांनी रचलेले कंकणद्वीप आहे. मधोमध सुमारे २७५ चौरस किलोमीटरचे विस्तीर्ण खारकच्छ, आणि त्याभोवती प्रवाळभित्तीवर कंकणातील मण्यांप्रमाणे विखुरलेली तीसहून अधिक बेटे, अशी त्याची रचना आहे. त्यांतील सर्वांत मोठे बेट फोंगाफाले होय. त्याची लांबी सुमारे १२ किलोमीटर आहे. रुंदी मात्र काही ठिकाणी दहा-वीस मीटर, तर सर्वांत रुंद भागी सुमारे ४०० मीटर एवढीच भरते. कोनात वाकलेल्या काठीसारखा या बेटाचा आकार असून वाकणाच्या जागी ते सर्वांत रुंद होते. वायाकू याच रुंद भागात आहे, आणि धावपट्टीही याच भागात आहे. एका बाजूस शांत खारकच्छ, दुसऱ्या बाजूस खुल्या महासागराच्या लाटा आणि मध्ये ही पट्टी असे येथील दृश्य आहे. देशातील सर्वोच्च जागासुद्धा समुद्रसपाटीपासून पाच मीटरांपेक्षा कमी उंचीची आहे.

प्रवाळाच्या पोटातील शोध

विज्ञानाच्या इतिहासात फुनाफुटीचे नाव विमानतळाच्या कितीतरी आधी नोंदले गेले. ज्वालामुखीचे बेट हळूहळू खाली खचत जाते आणि त्याच्या कडेने प्रवाळ वर वाढत राहतो, त्यातून कंकणद्वीप तयार होते, असा सिद्धांत चार्ल्स डार्विन यांनी मांडला होता. त्याची पडताळणी करण्यासाठी लंडनच्या रॉयल सोसायटीने १८९६ ते १८९८ या काळात फुनाफुटीवर तीन मोहिमा धाडल्या. पहिली मोहीम विल्यम सोलस यांच्या, तर दुसरी सिडनी येथील भूवैज्ञानिक एजवर्थ डेव्हिड यांच्या नेतृत्वाखाली झाली. छिद्र पाडत पाडत १,११४ फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे ३४० मीटर खोल जाऊनही प्रवाळजन्य खडकच लागत राहिला. त्याखालचा ज्वालामुखी खडक त्या वेळी हाती आला नाही. तरीही उथळ पाण्यात वाढणाऱ्या प्रवाळाचे अवशेष इतक्या खोलवर सापडल्याने डार्विन यांच्या मताला मोठे बळ मिळाले.

या मोहिमांनी फोंगाफालेचे तपशीलवार नकाशेही तयार केले. बेटाच्या मध्यभागी दलदल आहे, याची नोंद तेव्हाच झाली. शंभर वर्षांनंतर या नकाशांना अनपेक्षित महत्त्व आले. त्याचा उल्लेख पुढे येईल.

धावपट्टीपूर्वीचे गाव

कंकणद्वीपावर नदी, ओढा किंवा डोंगर नसतो. जमीन म्हणजे प्रवाळाचा चुरा, वाळू आणि वरचा पातळ मातीचा थर. पावसाचे पाणी या सच्छिद्र जमिनीत मुरते आणि खाऱ्या पाण्याहून हलके असल्यामुळे त्याच्यावर भिंगाच्या आकाराचा गोड्या पाण्याचा थर होऊन तरंगत राहते. बेट जेवढे रुंद, तेवढा हा थर जाड. त्यामुळे बेटाच्या मध्यभागाची जमीन सर्वांत मोलाची ठरते.

तुवालूच्या लोकांनी याच थराच्या आधारे आपली शेती उभी केली. जमिनीत मोठे खड्डे खणून पाण्याच्या पातळीपर्यंत पोचायचे, त्यात पालापाचोळा कुजवून माती तयार करायची आणि तिच्यात ‘पुलाका’ लावायचा, ही त्यांची पद्धत. पुलाका हे आपल्या अळूच्या कुळातील अजस्र पानांचे कंदवर्गीय पीक आहे. एका कुटुंबाने राखलेला खड्डा पुढल्या पिढ्यांना वारशाने मिळे. माड, नीरफणस आणि केवड्याच्या जातीची झाडे ही अन्नाची इतर साधने होती. माडापासून खोबरे मिळे, तसाच गोड रसही काढला जाई. कोकण-गोव्यातील माडीशी परिचय असलेल्या वाचकांना ही पद्धत ओळखीची वाटेल. मासे खारकच्छातून आणि बाहेरच्या समुद्रातून मिळत. जमीन कुटुंबांच्या सामाईक मालकीची असे, आजही ती बहुतांशी तशीच आहे.

युद्ध आणि धावपट्टीची उभारणी

दुसऱ्या महायुद्धात जपानने उत्तरेकडील गिल्बर्ट बेटे ताब्यात घेतली, आणि तेव्हा एलिस बेटे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तुवालूला लष्करी महत्त्व आले. २ ऑक्टोबर १९४२ रोजी अमेरिकी फौजा फुनाफुटीवर उतरल्या. स्थानिक लोकांना फोंगाफाले सोडून त्याच कंकणद्वीपावरील अन्य बेटांवर जावे लागले. अमेरिकी नौदलाच्या बांधकाम पथकांनी यंत्रांच्या साह्याने बेटाच्या रुंद भागात सुमारे पाच हजार फूट लांबीची धावपट्टी तयार केली. त्यासाठी माड तोडले गेले, मधली दलदल भरली गेली आणि पुलाक्याचे खड्डे बुजवले गेले.

एप्रिल १९४३ मध्ये येथून उडालेल्या बी-२४ जातीच्या बॉम्बफेकी विमानांनी नाउरू व तारावा येथील जपानी तळांवर हल्ले केले. जपाननेही फुनाफुटीवर बॉम्ब टाकले. अशाच एका हल्ल्याच्या वेळी सुमारे ६८० लोक पक्क्या भिंतींच्या चर्चमध्ये आश्रयाला गेले होते. एका अमेरिकी सैनिकाने त्यांना तेथून काढून खंदकांत जाण्यास भाग पाडले आणि थोड्याच वेळात बॉम्ब चर्चवर पडला. नोव्हेंबर १९४३ मधील तारावाच्या लढाईच्या तयारीतही फुनाफुटीच्या तळाचा मोठा वाटा होता.

युद्धकाळात तुवालूच्या नुकुफेताऊ आणि नानुमेआ या बेटांवरही धावपट्ट्या बांधल्या गेल्या. युद्ध संपल्यावर त्या वापरातून गेल्या. फुनाफुटीची धावपट्टी मात्र टिकली आणि कालांतराने नागरी विमानतळ बनली. युद्धाच्या काळात अमेरिकी तळांवर मजुरी करून साठवलेल्या पैशातून वाइतुपू बेटाच्या लोकांनी फिजीतील किओआ हे बेट विकत घेतले आणि १९४७ पासून त्यांच्यातील काही कुटुंबे तेथे जाऊन राहिली. जमीन अपुरी पडते म्हणून बाहेर पाऊल टाकण्याची कल्पना तुवालूत अशी जुनीच आहे.

खड्ड्यांचा वारसा

धावपट्टीसाठी लागणारा भराव बाहेरून आणलेला नव्हता. फोंगाफालेच्याच जमिनीतून प्रवाळ उकरून तो मिळवला गेला. परिणामी बेटाच्या दोन्ही टोकांकडे आणि धावपट्टीच्या आसपास मोठमोठे खड्डे उरले. धावपट्टी, तिच्या कडेची मोकळी जागा आणि हे खड्डे मिळून बेटाच्या जमिनीचा मोठा हिस्सा रहिवाशांच्या हातून गेला.

समुद्राच्या भरतीबरोबर या खड्ड्यांत मचूळ पाणी चढे आणि ओहोटीला उतरे. गोड्या पाण्याचा थर जागोजागी फाटला. विहिरींचे पाणी पिण्याजोगे राहिले नाही. पुढे राजधानीत माणसे दाटू लागली, तसा या खड्ड्यांत गावाचा कचरा साचू लागला. बाहेरच्या बेटांवरून आलेली, फोंगाफालेवर स्वतःची जमीन नसलेली कुटुंबे याच खड्ड्यांच्या काठावर, कित्येकदा पाण्यात खांब रोवून उभारलेल्या घरांत राहू लागली. युद्ध कोणाचे आणि त्याचे खड्डे कोणाच्या दारात, हा प्रश्न तुवालूच्या शासनाने अनेक वर्षे मांडला.

अखेर २०१५ मध्ये न्यूझीलंडच्या अर्थसाहाय्याने हे काम हाती घेण्यात आले. खारकच्छाच्या तळातून वाळू उपसून दहा खड्डे भरण्यात आले. त्यामुळे फोंगाफालेवरील वापरण्याजोग्या जमिनीत सुमारे ८ टक्क्यांची भर पडली. सत्तर वर्षांपूर्वी उकरलेली जमीन अशा रीतीने रहिवाशांना परत मिळाली. मात्र फाटलेला गोड्या पाण्याचा थर त्यामुळे पूर्ववत झाला नाही. आजही वायाकूचे पिण्याचे पाणी आकाशातूनच येते. छपरांच्या पागोळ्यांचे पाणी पन्हळीवाटे टाक्यांत साठवले जाते. पाऊस लांबला, की टाक्यांचा तळ दिसू लागतो. सप्टेंबर २०११ मध्ये दीर्घ अवर्षणामुळे देशात आणीबाणी जाहीर करावी लागली, पाण्याचे वाटप मोजून झाले आणि समुद्राचे पाणी गोडे करणारी यंत्रे परदेशांतून आणावी लागली.

गावाची राजधानी कशी झाली

ब्रिटिश अमदानीत एलिस बेटे गिल्बर्ट बेटांना जोडलेली होती आणि कारभार तारावाहून चाले. दोन्हींची भाषा व समाज भिन्न. १९७४ मध्ये सार्वमत होऊन एलिस बेटांनी वेगळे होण्याचा कौल दिला. पुढल्या वर्षी ती वेगळी झाली आणि १ ऑक्टोबर १९७८ रोजी तुवालू या नावाने स्वतंत्र झाली. फुनाफुटीकडे धावपट्टी होती आणि मोठी जहाजे नांगरता येतील असे खारकच्छही होते. नव्या राष्ट्राचा कारभार वायाकूत थाटला गेला.

त्याआधीच, ऑक्टोबर १९७२ मध्ये, बेबे नावाच्या चक्रीवादळाने फुनाफुटीवरील बहुतेक घरे जमीनदोस्त केली होती. या वादळाने महासागराच्या बाजूस प्रवाळखंडांचा सुमारे १९ किलोमीटर लांबीचा बांध एका रात्रीत उभा केला. कंकणद्वीपाची जमीन लाटांनी तोडली जाते, तशीच लाटांनी घातलीही जाते, हे त्या वेळी सर्वांना दिसले.

१९७३ मध्ये फुनाफुटीची लोकसंख्या नऊशेदेखील नव्हती. २०१७ च्या जनगणनेपर्यंत ती सहा हजारांवर गेली. नोकरी, रुग्णालय, उच्च शिक्षणाच्या सोयी आणि विमान हे सारे एकाच बेटावर असल्यामुळे देशातील निम्म्याहून अधिक लोक आज येथे राहतात. घरे, दुकाने आणि दुचाकी यांची दाटी धावपट्टीच्या दोन्ही अंगांना भिडली आहे.

वायाकूत शासनाची तीन मजली इमारत आहे. ती तैवानच्या मदतीने बांधली गेली. तुवालूला लष्कर नाही. चलन म्हणून ऑस्ट्रेलियन डॉलर चालतो, त्यासोबत तुवालूची स्वतःची नाणीही आहेत. देशातील पहिले एटीएम यंत्र एप्रिल २०२५ मध्ये वायाकूतील राष्ट्रीय बँकेत सुरू झाले. तोपर्यंत सर्व व्यवहार रोख रकमेने आणि बँकेच्या खिडकीवर होत. राष्ट्राचे उत्पन्न मुख्यतः परदेशी जहाजांना दिलेल्या मासेमारीच्या परवान्यांतून, परदेशी साहाय्यातून आणि एका योगायोगातून येते. महाजालावर तुवालूला मिळालेली ‘डॉट टीव्ही’ ही ओळख दूरचित्रवाणीशी जुळत असल्यामुळे जगभरातील कंपन्या ती वापरतात, आणि त्याच्या हक्कांपोटी देशाला दरवर्षी मोठी रक्कम मिळते. या उत्पन्नाच्या जोरावर तुवालूने सप्टेंबर २००० मध्ये संयुक्त राष्ट्रांचे १८९ वे सदस्यत्व स्वीकारले.

विमानतळाचा दिनक्रम

फुनाफुटी आंतरराष्ट्रीय विमानतळाची सांकेतिक अक्षरे ‘एफयूएन’ अशी आहेत. धावपट्टीची लांबी सुमारे १,५०० मीटर असल्यामुळे मोठी जेट प्रवासी विमाने येथे येत नाहीत. फिजीहून सुमारे ११०० किलोमीटरचे अंतर कापून पंख्यांची, सत्तरेक आसनांची एटीआर जातीची विमाने आठवड्यातून मोजक्या वेळा येतात. या प्रवासाला अडीच तासांच्या आसपास वेळ लागतो. लक्षद्वीपातील अगत्ती बेटावर ज्यांनी विमानातून उतरण्याचा अनुभव घेतला असेल, त्यांना दोन्ही बाजूंस पाणी आणि मध्ये चिंचोळी पट्टी हे दृश्य कल्पनेत आणणे कठीण नाही.

विमान येण्याची वेळ झाली, की भोंगा वाजतो. धावपट्टी ओलांडून पलीकडे जाणारी दुचाकी, खेळणारी मुले, सायंकाळी फिरायला आलेली माणसे आणि भटकी कुत्री यांना तो इशारा असतो. अग्निशमन दलाची गाडी धावपट्टीवरून फेरी मारून ती मोकळी झाल्याची खात्री करते. विमान उतरते, तेव्हा गावातील बरीच मंडळी तेथे जमलेली असतात. परदेशी शिकणारी मुले, न्यूझीलंडहून परतणारे नातलग, सल्लागार, शासकीय पाहुणे असे प्रवासी उतरतात. त्यांच्यासोबत टपाल आणि औषधे येतात. ज्यांच्यावर गावात उपचार होऊ शकत नाहीत, असे रुग्ण याच विमानाने परदेशी रवाना होतात. निरोप देताना आणि स्वागत करताना गळ्यात व डोक्यावर फुलांच्या माळा घालण्याची येथील रीत आहे. तासाभरात विमान परत उडते आणि धावपट्टी पुन्हा गावाची होते.

सायंकाळी ऊन उतरले, की तिच्यावर एकाच वेळी फुटबॉल, रग्बी आणि व्हॉलीबॉलचे डाव मांडले जातात. ‘ते आनो’ हा पारंपरिक खेळही येथे रंगतो. केवड्याच्या जातीच्या पानांनी विणलेले दोन चेंडू एकाच वेळी खेळात ठेवून दोन संघ ते हाताने टोलवतात. वृद्ध माणसे हळूहळू चालत असतात, तरुण दुचाकी शिकत असतात. घरांत उकाडा असह्य झाला, की चटया आणि उशा घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे धावपट्टीवर येतात. समुद्राच्या दोन्ही बाजूंचा वारा मिळेल अशी दुसरी एवढी मोठी मोकळी जागा बेटावर उरलेली नाही.

हे चित्र प्रवासवर्णनांतून गमतीचे म्हणून रंगवले जाते. त्यामागील कारण गमतीचे नाही. बेटावरील सर्वांत रुंद आणि सपाट जमीन धावपट्टीखाली गेल्यामुळे गावाला स्वतंत्र मैदान ठेवता आले नाही. लोकांनी धावपट्टीलाच मैदान करून गेलेल्या जमिनीचा आपल्यापुरता पुन्हा उपयोग करून घेतला आहे.

धावपट्टीच्या डागडुजीसाठी जागतिक बँकेच्या प्रशांत महासागरी विमानवाहतूक कार्यक्रमातून तुवालूला साहाय्य मिळाले. दुसरा मार्ग नाही, म्हणून ही दुरुस्ती राष्ट्रीय गरज ठरते. देशांतर्गत विमानसेवा नसल्यामुळे इतर आठ बेटांवर जाण्यासाठी जहाजच लागते. जपानने भेट दिलेले ‘निवागा-३’ हे त्यांपैकी एक होय. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे तुवालूने सीमा बंद केल्या, तेव्हा ही एकच धावपट्टी बंद करून देश जगापासून अलग होऊ शकला. २०२२ च्या अखेरच्या महिन्यांपर्यंत तेथे समाजात करोनाचा फैलाव झाला नाही. एकच दार असण्याचा लाभ आणि जाच दोन्ही तुवालूने त्या काळात अनुभवले.

पाणी खालून येते तेव्हा

दरवर्षी साधारणतः फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास मोठ्या उधाणाच्या भरती येतात. त्या वेळी फोंगाफालेवर एक विलक्षण गोष्ट घडते. लाटा किनारा ओलांडून येतातच, पण त्यापूर्वीच बेटाच्या मधल्या सखल भागात जमिनीतून पाणी बुडबुडे काढत वर येऊ लागते. प्रवाळाची जमीन चाळणीसारखी असल्यामुळे समुद्र खालूनच आत शिरतो. किनाऱ्यावर भिंत बांधून हे पाणी अडत नाही. धावपट्टीच्या कडेची जागा आणि आसपासच्या घरांची अंगणे अशा वेळी डबक्यांत बदलतात.

येथेच १८९६-९८ मधील नकाशांचा संबंध येतो. जपानी संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ते नकाशे, युद्धकाळातील छायाचित्रे आणि आजची वस्ती यांची तुलना केली. आज उधाणात पाण्याखाली जाणारा बराचसा भाग हा मूळचीच दलदल होती, असे त्यातून दिसून आले. जुने गाव खारकच्छाच्या बाजूच्या उंच काठावर होते. धावपट्टीसाठी दलदल बुजवली गेल्यानंतर आणि राजधानीमुळे लोकसंख्या वाढल्यानंतर घरे त्या सखल जागी सरकली. म्हणजे वायाकूच्या पूरप्रवणतेमागे वाढता समुद्र आहे, तसाच धावपट्टीचा इतिहासही आहे.

याचा अर्थ समुद्राचा धोका कमी आहे असा नव्हे. फुनाफुटीवर १९९३ पासून आधुनिक भरतीमापक यंत्र कार्यरत आहे. अमेरिकेच्या नासा संस्थेने २०२३ मध्ये दिलेल्या आढाव्यानुसार तुवालूभोवतीची समुद्रपातळी तीस वर्षांत सुमारे १५ सेंटिमीटरने वाढली असून २०५० पर्यंत तेथील बरीचशी जमीन आणि महत्त्वाच्या सुविधा सध्याच्या मोठ्या भरतीच्या पातळीखाली जाऊ शकतात. दुसरीकडे, १९७१ ते २०१४ या काळातील हवाई व उपग्रह छायाचित्रांची तुलना करणाऱ्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तुवालूच्या एकूण भूक्षेत्रात सुमारे २.९ टक्के वाढ आढळली. बेटे वाळू व प्रवाळखंड झेलून आकार बदलतात, हे त्यामागील कारण. या दोन निष्कर्षांत विरोध आहे असे वरवर वाटते. प्रत्यक्षात बेटाचे क्षेत्र वाढले म्हणून त्याची उंची वाढते असे नाही, आणि विहीर, पुलाक्याचा खड्डा किंवा धावपट्टी यांना समुद्राच्या चालीने जागा बदलता येत नाही. नकाशावर बेट शिल्लक राहील, तरी त्यावर राहणे अवघड होऊ शकते.

नवी जमीन, नवे करार

या संकटाला तुवालूने तीन मार्गांनी उत्तर दिले आहे. पहिला मार्ग भूमीचा. हरित हवामान निधीच्या साहाय्याने २०१७ पासून किनारा-संरक्षण प्रकल्प राबवण्यात आला. त्याअंतर्गत फोंगाफालेच्या खारकच्छाकडील बाजूस सुमारे ७८० मीटर लांब आणि १०० मीटर रुंद नवी जमीन भराव टाकून तयार करण्यात आली. तिची उंची या शतकाच्या अखेरीपुढील समुद्रपातळी लक्षात घेऊन ठरवली आहे. युद्धकाळात बेट उकरून धावपट्टी झाली, आता खारकच्छ उपसून बेट उंचावले जात आहे.

दुसरा मार्ग कायद्याचा. नोव्हेंबर २०२१ मध्ये तत्कालीन परराष्ट्रमंत्री सायमन कोफे यांनी ग्लासगो येथील हवामान परिषदेसाठीचे भाषण फुनाफुटीच्या समुद्रात गुडघाभर पाण्यात उभे राहून केले आणि त्याची छायाचित्रे जगभर पोचली. २०२३ मध्ये तुवालूने आपल्या राज्यघटनेत, हवामानबदलामुळे भूमी गमावली तरी राष्ट्राचे अस्तित्व कायम राहील, अशी तरतूद केली. जुलै २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने दिलेल्या सल्लागार मतातही, राष्ट्राचा एखादा घटक नाहीसा झाला म्हणून त्याचे राष्ट्रपण आपोआप संपत नाही, असा अभिप्राय आला.

तिसरा मार्ग स्थलांतराचा. ९ नोव्हेंबर २०२३ रोजी ऑस्ट्रेलिया व तुवालू यांच्यात ‘फालेपिली संघ’ करार झाला आणि २८ ऑगस्ट २०२४ पासून तो अमलात आला. फालेपिली या शब्दाचा अर्थ शेजारधर्म, एकमेकांची काळजी आणि परस्पर आदर असा आहे. या करारान्वये दरवर्षी २८० तुवालूवासीयांना सोडतीद्वारे ऑस्ट्रेलियात कायम वास्तव्याची संधी मिळते. मोबदल्यात, अन्य देशांशी सुरक्षाविषयक करार करताना तुवालूने ऑस्ट्रेलियाची संमती घ्यावी, अशी अट आहे. या अटीवर तुवालूत वादही झाला. २०२५ मधील पहिल्याच सोडतीसाठी, कुटुंबीय धरून, देशाच्या ८० टक्क्यांहून अधिक लोकांनी नोंदणी केली. त्याचा अर्थ ते सारेच देश सोडू इच्छितात असा होत नाही. या परवान्यावर गेलेल्यांना ये-जा करण्याची मुभा आहे, आणि अनेकांना मुलांचे शिक्षण, रोजगार व आजारपणातील उपचार यांसाठी एक दार उघडे हवे आहे. परंतु वर्षाला २८० हा आकडा अकरा हजारांच्या देशासाठी लहान नाही. एखाद्या बेटावरील शिक्षिका, परिचारिका किंवा होडी बांधणारा कारागीर गेला, तर त्याची जागा भरणे कठीण असते.

परदेशी निघालेली ही कुटुंबे वायाकूच्या त्याच धावपट्टीवरून जातील. पुलाक्याचे खड्डे बुजवून ती बांधली गेली, तेव्हा तिच्याखाली जमीन गेलेल्या कुटुंबांच्या वंशजांची मालकी आजही मानली जाते आणि शासन त्यांना भुईभाडे देते. धावपट्टी हलवण्यास बेटावर दुसरी जागा नाही. म्हणून नवी जमीन भरताना, पाण्याच्या टाक्या वाढवताना आणि उधाणाच्या भरतींचे वेळापत्रक पाहताना तुवालूच्या नियोजनकर्त्यांना तिचा विचार प्रथम करावा लागतो. दरम्यान भोंगा वाजला की मुले चेंडू उचलून बाजूला होतात, विमान येते आणि जाते, आणि त्याच्या मागोमाग गाव पुन्हा आपल्या मैदानावर उतरते.